पिवळ्या पट्ट्याचे ड्रम

कर्जतहून बार्शीला परत आल्यावर मी भेटेल त्याला तिथल्या पाण्याबद्दल सांगत सुटले होते. संक्रांत झाल्यावर तिकडे भाताची लावणी चालते, हे कोणाला खरंच वाटेना. आमच्याकडे त्या दिवसांत ज्वारी हुरड्याला आलेली असते आणि माणसं विहिरीत वाकून पाण्याचा अंदाज घ्यायला लागलेली असतात. शेवटी शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, कमलताई, एकदा लिहूनच काढा सगळं, म्हणजे आम्हाला नीट वाचता येईल. मी आयुष्यभर खानावळ चालवली. डाळ-तांदळाची यादी सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझी एकुलती एक लेक अश्विनी लग्न होऊन रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात गेली, त्याला बरीच वर्षं झाली. खानावळ असेपर्यंत मला तिच्याकडे दोन दिवसांच्या वर कधी राहता आलं नाही. यंदा खानावळ पुतण्याच्या ताब्यात दिली आणि ठरवलं, आता जाऊन निवांत राहायचं. आठवड्यासाठी म्हणून गेले होते. राहिले त्याहून बरीच जास्त.

भिवपुरीच्या पायथ्याशी

कुर्डुवाडीहून गाडी धरली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कर्जतला उतरले तेव्हा उजाडत होतं आणि स्टेशनवर वड्याचा घाणा सुरू झाला होता. जावई, तुषारराव, न्यायला आले होते. ते कल्याणला नोकरीला जातात. त्या दिवशी सासूसाठी रजा काढली होती. पिशवी उचलताना ते थबकले. लेकीसाठी नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीचं झाकण प्रवासात निघालं होतं आणि माझ्या सगळ्या साड्यांना चटणी लागली होती. पुढचे कितीतरी दिवस मी लसणाच्या वासाने घरभर वावरत होते.

गाव भिवपुरी स्टेशनपासून थोडं आत आहे. मागे डोंगराची सरळ भिंत, पायथ्याला वीजकेंद्र, आणि तिथून निघालेल्या कालव्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार खाचरं. वरच्या धरणाचं पाणी नळांतून डोंगर उतरतं, वीज तयार करतं आणि काम झालं की वाया न जाता कालव्याने शेतात येतं. त्या पाण्यावर इथले लोक वर्षात दुसऱ्यांदा भात घेतात. माझे व्याही अण्णा गुडघाभर चिखलात उभे राहून मला हे सांगत होते आणि त्यांच्या बोलण्यात असा थाट होता, जणू ती सगळी व्यवस्था त्यांच्याच वडिलांनी लावून दिली होती.

विहीणबाई सुमनबाई बोलायला मोकळ्या. त्यांच्या तोंडी आहे-नाही यायचंच नाही, सगळं हाय आणि नाय. पहिल्या दिवशी ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट आली. आमच्याकडे मटण चालतं, पण सुक्या मासळीचा वास माझ्या नाकाने कधी सोसला नव्हता. मी हळूच वाटी बाजूला सरकवली. सुमनबाईंनी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी मीच वाटी पुढे केली, तेव्हा मात्र त्या पदराआड हसल्या.

अश्विनी बार्शीला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली. आता ती खालापूरकडच्या कुंभिवलीजवळ एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे प्लायवूड चिकटवायचा डिंक बनतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा सगळा माल तिच्या सहीने हलतो. सकाळी कंपनीची बस कर्जतच्या चारफाट्यावरून तिला घेऊन जायची, दिवस मावळता मावळता आणून सोडायची. घरात आल्याबरोबर ती सासूच्या हातातली पळी काढून घ्यायची. सासूला ती आत्या म्हणते.

माथेरानला

मधल्या एका दिवशी सुमनबाई मला माथेरानला घेऊन गेल्या. एवढ्या जवळ राहून त्याही कितीतरी वर्षांत गेल्या नव्हत्या. गाड्या दस्तुरीपर्यंतच जातात, पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षाने. आता काही ई-रिक्षाही आल्या आहेत, पण आम्ही चालायचं ठरवलं. लाल मातीने माझ्या पांढऱ्या चपला विटेच्या रंगाच्या झाल्या आणि एका माकडाने सुमनबाईंच्या हातातून चिक्कीचा पुडा काढून घेतला. सुमनबाई त्याच्या मागे धावल्या. त्यांना धावताना बघून हॉटेलातल्या पोरी इतक्या हसल्या, की शेवटी आम्हीही तिथेच बसून हसलो.

मला तिथली एक गोष्ट फार आवडली. वर येणारं प्रत्येक पोतं कोणाच्या तरी पाठीवरून येताना दिसतं, आणि रिकामं झालेलंही कोणाच्या तरी पाठीवरून खाली जाताना दिसतं. एका हॉटेलच्या मागच्या दाराला घोडेवाला रिकाम्या बाटल्यांच्या गोण्या घोड्यावर लादत होता आणि मालकीणबाई उभ्या राहून त्या बांधून घेत होत्या. आमच्या गावात कचरा गाडीत पडला, की तो कुठे जातो हे कोणी विचारत नाही. इथे तो जाताना बघावाच लागतो. हे मी सुमनबाईंना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, आता पाय दुखतात, चला.

वरची वाडी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. सुमनबाईंच्या गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला ठाकूर लोकांची एक वाडी आहे. तिथली हिराबाई बरीच वर्षं त्यांच्या शेतावर लावणीला येते. तिने यंदा आम्हा तिघींना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. रविवार होता, म्हणून अश्विनीही आली. पायवाटेने चढताना खाली कालव्याचं पाणी चकाकत होतं. वाडीत मात्र नळाला दिवसाआड पाणी. कालवा खाली वाहतो, तो वर कसा चढणार?

हिराबाईचं घर सारवलेलं, स्वच्छ. दाराशी तिने रांगोळी काढली होती. अंगणात निळा प्लास्टिकचा मोठा ड्रम उभा होता, वर झाकण आणि झाकणावर तांब्या. तो बघून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. बार्शीत असा ड्रम नाही असं अंगण नाही. मी हिराबाईला म्हटलंसुद्धा, छान मोठा घेतला आहेस. ती खूश झाली. खालच्या गावातल्या भंगारवाल्या दत्तूच्या टेंपोतून घेतला म्हणाली, वाडीत सगळ्यांनीच घेतले, पत्र्याच्या पिंपासारखा गंजत नाही.

तेवढ्यात माझं लक्ष अश्विनीकडे गेलं. हळदीकुंकू लावून घ्यायला ती पुढे आलीच नव्हती. ती ड्रमापाशी वाकून उभी होती. ड्रमाच्या गळ्याशी बोटभर रुंदीचा पिवळ्या रंगाचा पट्टा होता, बराचसा घासून काढलेला. तिने त्यावरून नख फिरवलं, झाकण उघडून वास घेतला, मग शेजारच्या अंगणात गेली, तिथून पुढच्या. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

तिने हिराबाईला विचारलं, हे पाणी पिता का? हिराबाई म्हणाली, पितो, आंघोळीला घेतो, सगळ्याला तेच. थोडी खाज येते अंगाला, नातीला जास्त येते. डॉक्टरने मलम दिलं हाय.

"हिराबाई, हे पाणी आत्ता ओतून टाका," अश्विनी म्हणाली. "या ड्रमात विषारी औषध येतं. आमच्या कारखान्यात येतं. माल उतरला की ड्रमावर हा पट्टा माझीच माणसं मारतात."

हिराबाईने तिच्याकडे बघितलं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "ओतते. पण मग पाणी ठेवू कशात?"

उत्तर दिलं ते सुमनबाईंनी. गावकीची भांडी हायेत, म्हणाल्या, ती काढते. आणि हळदीकुंकवाचं ताट तसंच ठेवून त्या डोंगर उतरायला लागल्या.

गावकी म्हणजे काय, हे बार्शीच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे लग्नकार्य निघालं, की मंडपवाल्याकडून भांडी भाड्याने आणतात. इथे गावकी, म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून पंचायत असते, आणि तिने भांडी घेऊन ठेवलेली असतात. मोठे टोप, हंडे, घंगाळं, पराती, सगळं देवळामागच्या खोलीत, आणि कोणाच्याही घरचं कार्य असलं की ती त्या घरी जातात. मी खानावळवाली, त्यामुळे भांड्यांची पारख मला आहे. ती भांडी बघून मी चाट पडले. एकेका टोपात शंभर माणसांचा भात सहज शिजावा. त्या दुपारी गावातली माणसं ते टोप डोक्यावर घेऊन वाडीत चढत होती. लग्न नाही, कार्य नाही, आणि टोपांची ती रांग डोंगराच्या वाटेने चाललेली. ज्यांनी ते टोप उचलले, त्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं त्याच कारखान्यात कामाला होती. संध्याकाळी वाडीतला प्रत्येक निळा ड्रम आडवा पडलेला होता.

मधले दिवस

सोमवारी अश्विनी कारखान्यात गेली आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. साने साहेब माणूस वाईट नाही, असं तीच सांगते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रिकामे ड्रम आपण ठेकेदाराला देतो, म्हणाले. ते तोडून वितळवायचे, असं त्याने लिहून दिलेलं आहे. त्याने न तोडता विकले असतील तर तो त्याचा गुन्हा. गेटच्या बाहेर आपली जबाबदारी संपते.

तिने त्यांना एकदा वाडीत येऊन बघायला सांगितलं. ते म्हणाले, बघू. त्यावर ती म्हणाली, तुम्ही बघेपर्यंत एकही रिकामा ड्रम मी बाहेर सोडणार नाही.

आणि तिने सोडला नाही. ठेकेदाराचा ट्रक येऊन रिकामा परत गेला. रिकामे ड्रम आवारात साठत गेले, भरलेले उतरवायला जागा पुरेना. कारखान्यात आरडाओरडा झाला. तिला कारणं दाखवा म्हणून पत्र मिळालं. ते तिने जेवताना आम्हाला सांगितलं, जसं भाजी महाग झाली सांगावं तसं, पण भाकरी अर्धीच खाल्ली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अशी नोकरी इथे परत मिळेल का गं? ती म्हणाली, कदाचित नाही मिळणार.

अण्णा इतका वेळ ताटाकडे बघून जेवत होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "नोकरी तुझी हाय, ठरव तू. आमी तुझ्या मागं हाव."

माझ्या लेकीच्या सासरी हे वाक्य बोललं गेलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

गावात मात्र कुजबूज सुरू झाली होती. कारखान्यात गावची बरीच मुलं, उगाच त्याला डिवचू नका, असं काही जण म्हणत. दत्तू, ज्याने ड्रम विकले, तो अण्णांच्या चुलतभावाचा मुलगा. भंगाराचा धंदा, स्वतःचा टेंपो. तो अण्णांच्या ओटीवर येऊन बसला आणि जवळजवळ रडवेला झाला. त्याने ते ड्रम ठेकेदाराकडून घेतले होते, साबण लावून दोनदा-तीनदा धुतले होते. आत काय होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गोठ्यातही त्यातलाच एक होता.

मी कोपऱ्यात वाल सोलत ऐकत होते आणि मनात विचार येत होता. आमचं सगळं आयुष्य वस्तू परत वापरण्यात गेलं. तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात पीठ, तो फुटला की त्याची चाळण, साखरेच्या गोणीच्या पिशव्या. काही टाकायचं नाही, हे आईने शिकवलं, आणि ते चांगलंच शिकवलं. पण त्या डब्यात आधी तेल होतं, हे मला माहीत असायचं. हिराबाईला माहीत नव्हतं. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, प्रत्येकाने आपल्यापुरतं बघितलं, आणि आत काय होतं ते सांगायचं कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

पुढच्या आठवड्यात देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. बायकाही होत्या, अश्विनीला मुद्दाम बोलावलं होतं आणि वाडीतून हिराबाईही आली होती. मोर्चा काढावा, गेट अडवावं, असं तरुण पोरं म्हणत होती. म्हातारे नको म्हणत होते. बराच वेळ तेच ते चाललं. मग कोणीतरी अश्विनीला विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग.

ती उभी राहिली. भाषण तिला कधी येत नाही, शाळेतही यायचं नाही. ती म्हणाली, "कारखाना बंद पडावा असं मला वाटत नाही. मीही तिथेच कमावते. ड्रम जिथून आले तिथे परत जावेत, आणि पुन्हा तेच औषध भरून यावेत. ते फक्त त्याच कामाचे आहेत. कारखान्याने ते परत घ्यावेत आणि वाडीला पाण्याचे नवे द्यावेत. पण आपणही एक कबूल करायला हवं. स्वस्त मिळालं म्हणून आपण घेतलं, विचारलं नाही. यापुढे विचारल्याशिवाय घरात आणायचं नाही."

हे शेवटचं ऐकायला कोणी तयार नव्हतं. मला धाकधूक वाटली, की आता सगळे तिच्यावरच उलटतात. पण हिराबाई म्हणाली, खरं हाय तिचं, आमी वास आला तरी वापरला. मग दत्तू उठला आणि म्हणाला, माझा टेंपो घ्या, एकूण एक ड्रम मी गोळा करून आणतो, भाडं नको. त्यानंतर मोर्चाचं कोणी बोललं नाही. साहेबांना गावात जेवायला बोलवायचं ठरलं. पोपटीचे, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा भाजून खायचे, दिवस होते. पोपटीला नाही कोण म्हणतं?

साहेब आले

साने साहेब रविवारी आले, ऊन उतरताना. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला कोणी ओरडून बोललं नाही. अण्णांनी त्यांना आधी शेत दाखवलं, कालवा दाखवला, आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले, जरा वर वाडीत जाऊन येऊ. साहेबांना कळलं असणारच, पण ते निघाले. बूट चामड्याचे, त्यामुळे चढताना घसरत होते. मीही मागून गेले. वाडीच्या टोकाला सगळे ड्रम एकत्र रचून ठेवले होते. अजून न्यायचे होते, म्हणून बाजूला, आणि भोवती काटेरी कुंपण घातलेलं, की पोरं जायला नकोत. साहेब त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले. पट्टे त्यांनीही ओळखले.

हिराबाईने त्यांना ओटीवर बसवलं आणि चहा आणला. बिनदुधाचा, गवती चहा घातलेला. साहेबांनी कप हातात घेतला आणि तो हातातच राहिला. त्यांची नजर अंगणातल्या टोपाकडे गेली, मग कपाकडे. आम्ही सगळेच ते बघत होतो. त्यांनाही कळलं की आम्ही बघतो आहोत.

हिराबाई अगदी सरळ आवाजात म्हणाली, "प्या साहेब. हे त्या ड्रमातलं नाय."

साहेब प्यायले. सगळा चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि हिराबाईच्या नातीला जवळ बोलावून तिचे हात बघितले. खाज कमी झाली होती, पण डाग होते. त्यांना स्वतःलाही मुलगी आहे, असं नंतर अश्विनीने सांगितलं. उतरताना ते अश्विनीच्या बरोबरीने चालत होते. माझ्या कानावर एवढंच आलं, की उद्या माल पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावू, ते ड्रम परत भरून देतात का विचारू. अश्विनी म्हणाली, मी विचारलंय, देतात. साहेब थांबले आणि प्रथमच हसले.

मग पोपटी झाली. आमच्याकडे हुरड्याची जी मजा, तीच इकडे पोपटीची. मडक्यात तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला लावतात, त्याचा वास ओव्यासारखा उग्र आणि गोड. त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, आणि वर पुन्हा पाला दाबून मडकं शेतात उपडं घालतात. भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाण्याचा एक थेंबही घालत नाहीत. सगळं आपापल्या वाफेवर शिजतं. इतकी वर्षं स्वयंपाक करून मला हे ठाऊक नव्हतं. मी मडक्याजवळून हलत नव्हते, तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, बाय, तुझ्या खानावळीत चालंल गं हे. दत्तूने साहेबांच्या पानावर पहिली शेंग वाढली. दोघांची तोपर्यंत ओळखही नव्हती.

कुंभिवली

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पत्र मागे घ्यायला कारखान्याने वेळ लावला आणि अश्विनी त्या दिवसांत झोपेतून दचकून उठायची. ठेकेदाराने धमकीचे फोन केले. त्याला काढून टाकल्यावर ते बंद झाले. गावातल्या एका गृहस्थांनी आपला ड्रम द्यायला साफ नकार दिला. म्हशीला काही होत नाही, म्हणाले. हिराबाई त्यांच्या दारात जाऊन बसली आणि म्हैस दूध देते ना, ते कोण पितं, असं विचारलं. तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला. आसपासच्या गावांत किती गेले असतील, ते अजून कळलेलं नाही. दत्तू आठवून आठवून जातो आहे, मिळाले तसे आणतो आहे. आता कारखाना त्याला त्याचं भाडं देतो. कारखान्याने दिलेले पाण्याचे पांढरे नवे ड्रम वाडीत आले, त्या दिवशी गावकीचे टोप घासूनपुसून देवळामागे परत गेले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांत एका लग्नाचा भात शिजला, आणि तो भात शिजवायला मी होते.

परतीच्या आदल्या दिवशी ड्रमांची पहिली मोठी खेप कारखान्यात जायची होती. मला कुंभिवली बघायची होती, म्हणून मीही टेंपोत पुढे बसले. चौक गावाकडून जाताना डोंगर मागे पडतात आणि रस्त्याच्या कडेने टायरची दुकानं, ढाबे, गोदामं, कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. बघण्यासारखं गाव आहे असं कोणी म्हणणार नाही. मी मात्र डोळे भरून बघत होते, कारण माझी मुलगी रोज इथे येते.

अश्विनी गेटपाशी उभी होती. वॉचमनने टेंपोवर बांधलेला निळा ढीग बघितला आणि तो गोंधळला. आजवर रिकामे ड्रम या गेटातून बाहेर जाताना त्याने पाहिले होते, आत येताना कधी नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे काय म्हणून आत घेऊ?"

"आपलेच आहेत," अश्विनी म्हणाली. "परत आले म्हणून घ्या."

त्याने जरा विचार केला आणि गेटचा दुसरा दरवाजाही उघडला.

मला आत जायला परवानगी नव्हती. मी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. भिंतीपलीकडून ड्रम उतरवल्याचे पोकळ आवाज येत होते, आणि मधेच अश्विनीचा, कोणाला तरी सावकाश ठेवा सांगणारा. टपरीवाल्याने चहा पुढे केला आणि कोणाची वाट बघताय, एवढंच विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. ती बार्शीची, केमिस्ट्री शिकलेली, शाळेत कधी भाषण न करणारी, इथपासून सुरुवात केली. चहा थंड झाला, त्याने न विचारता दुसरा दिला, आणि मी सांगतच होते.